आप्पांचा अभंग, वडापची जीप आणि पेनड्राइव्ह

गेल्या दिवाळीत पुतण्यानं नवी गाडी घेतली. पूजा झाली, चाकाखाली लिंबं फोडली, पेढे वाटले. मग घरातल्या सगळ्यांची एकच मागणी, पहिलं गाणं आप्पांचं लावायचं.

आप्पा म्हणजे माझे वडील. आमच्या वाडीतल्या भजनी मंडळात ते पंचवीसेक वर्षं गायले. १९९६ च्या हरिनाम सप्ताहात लाऊडस्पीकरवाल्यानं मंडळाची एक कॅसेट भरली होती. साठ मिनिटांची, दोन्ही बाजूंना मिळून चौदा अभंग आणि गौळणी. आप्पा २०११ मध्ये गेले. मूळ कॅसेट जुनं घर पाडलं तेव्हा पत्र्याच्या पेटीसकट भंगारात गेली. पण काळजी नव्हती, कारण ती गाणी कॉम्प्युटरवर घेऊन पेनड्राइव्हमध्ये टाकलेली होती आणि तो पेनड्राइव्ह आमच्या जुन्या गाडीच्या डेकला कायम लावलेला असायचा.

नव्या गाडीला मोठा स्क्रीन आहे, पण पेनड्राइव्हचं जुनं चौकोनी भोक नाही. बारकं, नव्या पद्धतीचं आहे. पुतण्यानं कनेक्टर आणला. तरी गाणी दिसेनात. "काका, गाडी काय वाचंना झालीय. थांबा, लॅपटॉपला लावून बघतो," म्हणाला. लॅपटॉपनं विचारलं, वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल, करू का? पोरानं "हो" दाबलं. वर रिकाम्या झालेल्या पेनड्राइव्हवर आपली चारशे नवी गाणी भरली आणि हसत खाली आला.

त्याला मी काही बोललो नाही. तो सणाचा दिवस होता, आणि चूक माझी जास्त होती. पत्रकार म्हणून लोकांना कागदपत्रांच्या दोन प्रती ठेवा म्हणून सांगत फिरणारा मी, वडिलांच्या आवाजाची दुसरी प्रत ठेवली नव्हती.

त्यानंतर महिनाभर मी दोन गोष्टी केल्या. एक, ती गाणी अजून कुणाकडे आहेत का ते शोधलं. दुसरं, गाडीतल्या गाण्यांचा इतिहास वाचत बसलो. दोन्ही गोष्टी शेवटी एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या. म्हणून ही लांबलचक पोस्ट. शेवटी एक विनंती आहे, तिथपर्यंत या.

सुरुवात १९३० पासून करू. अमेरिकेत शिकागोला पॉल गॅल्विन नावाचा माणूस आपल्या भावाबरोबर रेडिओच्या धंद्यात होता. धंदा अडचणीत होता. त्यानं परवडेल असा गाडीतला रेडिओ बाजारात आणला आणि मोटार या शब्दाला शेपूट जोडून त्याचं नाव ठेवलं मोटोरोला. पुढं कंपनीचंच नाव ते झालं. त्या रेडिओच्या कामात विल्यम लिअर नावाचा एक तंत्रज्ञ होता. त्याचं नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

रेडिओत अडचण एकच होती. स्टेशन लावेल तेच ऐकायचं. आपल्या आवडीचं गाणं आपल्या मर्जीनं गाडीत कसं वाजवायचं, हा प्रश्न उरला.

१९५६ च्या मॉडेलांत क्रायस्लर कंपनीनं चक्क गाडीत रेकॉर्ड प्लेअर बसवला. सीबीएसच्या पीटर गोल्डमार्क यांचं हे डोकं. डॅशबोर्डखाली तबकडी फिरायची, नेहमीपेक्षा अगदी सावकाश, मिनिटाला साधारण सोळा-सतरा फेरे. पण घरातली रेकॉर्ड त्यात चालायची नाही. खास त्या गाडीसाठी काढलेल्याच तबकड्या लागायच्या, आणि त्या मिळायच्या एकाच कंपनीच्या. म्हणजे गाडी तुमची, पण गाणी त्यांनी ठरवलेली. थोड्याच वर्षांत तो प्रकार बंद पडला.

मग विल्यम लिअर परत आला. हाच तो, पुढं लिअरजेट विमानांमुळं नावाजलेला. त्यानं आठ ट्रॅकच्या टेपचं जाडजूड काडतूस काढलं आणि फोर्डनं १९६६ च्या गाड्यांत त्याचा प्लेअर द्यायला सुरुवात केली. अमेरिकेत ते धो धो चाललं. पण तेही मुख्यतः विकतचं आणून वाजवायचं साधन. आपल्याकडच्या बहुतेकांनी ते पाहिलेलंही नाही.

आपल्याकडं आली ती कॅसेट. फिलिप्स कंपनीत लू ऑटेन्स या डच इंजिनिअरच्या हाताखालच्या लोकांनी ती तयार केली आणि १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवली. फिलिप्सनं नंतर एक मोठी गोष्ट केली. दुसऱ्या कंपन्यांना ही कॅसेट बनवायची परवानगी फुकट दिली, फक्त मापं तीच ठेवा म्हणून सांगितलं. त्यामुळं जपानमधली कॅसेट भारतातल्या टेपात चालायची आणि दिल्लीत भरलेली आमच्या विट्यात. शिवाय ती कोरी मिळायची. लाल बटण दाबलं की कुणीही काहीही भरू शकत होतं.

हे कोरं मिळणं फार महत्त्वाचं आहे. तोवर भारतात रेकॉर्ड म्हणजे जवळजवळ एचएमव्ही. मुंबई, कलकत्त्याच्या स्टुडिओत बोलावणं आलं तर तुमचा आवाज टिकणार, नाहीतर हवेत विरणार. कॅसेट आली आणि ऐंशीच्या दशकात हे चित्र उलटंपालटं झालं. दिल्लीच्या दर्यागंजमध्ये ज्यूसचं दुकान असलेल्या घरातले गुलशन कुमार टी-सीरिज घेऊन आले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातली एक सवलत वापरून जुनी गाणी नव्या आवाजांत भरली आणि स्वस्तात विकली. त्यावर वाद खूप झाले. पण त्याच लाटेत प्रादेशिक भाषांतल्या छोट्या कंपन्याही उभ्या राहिल्या. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकानं १९९३ मध्ये यावर ‘कॅसेट कल्चर’ नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं. भारतात कॅसेटनं गाण्याचा धंदा काही मोजक्या हातांतून सोडवून गल्लीबोळात नेला, असा त्याचा मथितार्थ.

महाराष्ट्रात तो आपण कानांनी ऐकलाय. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं आणि भीमगीतं, विठ्ठल उमप यांचा आवाज, आनंद शिंदे यांची ती ‘पोपट’वाली कॅसेट, तमाशातले वग, गोंधळ, भारुडं. हे सगळं आपण ऐकलं कुठं? घरात टेप किती जणांकडं होता? आम्ही ऐकलं ते वडापच्या जीपमध्ये, ट्रकच्या केबिनमध्ये, लग्नाच्या टेम्पोत.

विटा-कऱ्हाड रस्त्यावर वडापनं कॉलेजला गेलेल्या माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. जीपमध्ये दहाच्या जागी सोळा माणसं, दोघं मागं लटकलेली, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर कॅसेटचा रॅक. सकाळी भक्तिगीतं, दुपारी तमाशा, संध्याकाळी हिंदी. आप्पांची कॅसेट त्या रॅकमध्ये होती. लाऊडस्पीकरवाल्यानं कोऱ्या कॅसेटच्या पैशांत वीस-पंचवीस प्रती काढून दिल्या होत्या, त्यांतली एक एका वडापवाल्या अण्णांनी घेतली होती. पहिल्या फेरीला ती लागायची. कधी मी त्या जीपमध्ये असलो तर लाज वाटायची, मान खाली घालून बसायचो. आज ती लाज आठवून लाज वाटते.

आमच्या खानापूर तालुक्यातले गलाईवाले सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पसरलेत. यात्रेला गावी आले की परत जाताना असल्या कॅसेटी घेऊन जायचे. केरळात, तमिळनाडूत, उत्तर प्रदेशात यांच्या गाडीत गावची भजनं वाजायची. यासाठी ना कंपनी लागली, ना परवानगी, ना इंटरनेट.

मग सीडी आली. १९८४ मध्ये पायोनियरनं गाडीतला सीडी प्लेअर काढला, पण आपल्याकडं तो लोकांच्या हाती यायला बराच काळ गेला. सीडीचा आवाज स्वच्छ. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेऊन ते आकड्यांत लिहायचं, अशी ती पद्धत. पण हे आकडे जागा फार खातात. एका मिनिटाला दहा एमबी. म्हणून एका सीडीवर पंधरा-वीसच गाणी मावायची.

ही अडचण जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेनं सोडवली. कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग हे त्यातलं प्रमुख नाव. माणसाच्या कानाला मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज ऐकू येत नाही. मग तो लिहून ठेवायचाच कशाला? जे ऐकूच येत नाही ते गाळायचं, उरलेलं ठेवायचं. पन्नास एमबीचं गाणं पाचेक एमबीत बसलं. १४ जुलै १९९५ ला त्या फाइलला नाव मिळालं, एमपी थ्री. आणि त्याच सातशे एमबीच्या तबकडीवर दीडशेच्या आसपास गाणी मावायला लागली. एसटी स्टँडसमोर ‘एका सीडीत १५० गाणी’ म्हणून ओरडणारे आठवतात ना? त्या ओरडण्यामागं हे गणित होतं.

गाडीत अशा फाइली साठवून वाजवायचं यंत्र पहिल्यांदा काढणाऱ्यांपैकी एक होती एम्पेग नावाची छोटी ब्रिटिश कंपनी. १९९९ ची गोष्ट. त्यांच्या यंत्रात लॅपटॉपची हार्ड डिस्क होती आणि आतला कारभार लिनक्सवर चालायचा. डॅशबोर्डमधून अख्खं यंत्र ओढून काढायचं, घरी न्यायचं, कॉम्प्युटरला जोडून गाणी भरायची, परत आणून बसवायचं. महागडं होतं, विकली गेली काही हजारच, आणि २००१ मध्ये ते बंद झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ॲपलचा आयपॉड आला आणि लोक खिशात हजार गाणी घेऊन फिरायला लागले. २००४ मध्ये बीएमडब्ल्यूनं आयपॉड गाडीला जोडायची सोय दिली.

आपल्याकडं आयपॉड चार लोकांकडं असेल. आपला आयपॉड म्हणजे पेनड्राइव्ह आणि मोबाइलमधलं मेमरी कार्ड. स्टँडमागच्या गल्लीत ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी लावलेलं रिचार्जचं दुकान. एक जीबी भरायला दहा-वीस रुपये. एम्पेगवाले यंत्र काढून घरी न्यायचे, आमचे ड्रायव्हर पेनड्राइव्ह काढून या दुकानात न्यायचे. कल्पना तीच.

तिथल्या पोरांना कुठल्याही कंपनीच्या इंजिनिअरइतकं कळायचं. साधा डेक गाणी नावाप्रमाणं लावत नाही, ज्या क्रमानं कॉपी केली त्या क्रमानं वाजवतो, म्हणून ते एकेक करून ओळीनं टाकायचे. फाइलचं नाव मराठीत ठेवलं तर डेकवर नुसते चौकोन दिसतात, म्हणून नावं इंग्रजी अक्षरांत. आणि पेनड्राइव्ह फॅट थर्टीटू या जुन्या पद्धतीनंच फॉरमॅट करायचा, कारण बहुतेक डेक दुसरं काही वाचत नाहीत. २००७ मध्ये असल्याच एका पोरानं टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरला जोडून आप्पांची कॅसेट उतरवून दिली. एक तास कॅसेट वाजत होती आणि तो रिचार्ज मारत होता. पंचवीस रुपये घेतले.

इथं एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्या दुकानांत भरलं जाणारं बहुतेक सगळं चोरीचं होतं. कायद्यानं ते चूकच. ज्या लोककलावंतांचं नाव मी वर अभिमानानं घेतलं, त्यांच्या कॅसेटचा धंदा असल्याच दुकानांनी बुडवला. स्वस्त सीडी घेताना मीही कधी विचार केला नाही. ज्या उघड्या दारातून माझ्या आप्पांचं भजन आत आलं, त्याच दारातून चोरीही आत आली. एक पाहिजे आणि दुसरं नको असं म्हणणं सोपं आहे, तेव्हा ते कुणाला जमलं नाही.

आता आजचं बघा. २०१४ मध्ये ॲपलनं कारप्ले आणलं, त्याच वर्षी गूगलनं अँड्रॉइड ऑटो जाहीर केलं. गाडीचा स्क्रीन म्हणजे फोनचाच आरसा झाला. गाणी गाडीत राहिली नाहीत, फोनमध्येही राहिली नाहीत, ती दूर कुठल्यातरी सर्व्हरवर राहायला गेली. सोय प्रचंड आहे. मीही रोज वापरतो. कलावंताला थोडाफार का होईना, हिशेबात पैसा जातो.

पण त्या ॲपात ‘डाऊनलोड’ केलेलं गाणं आपलं नसतं. ते कुलूपबंद असतं, त्या ॲपशिवाय उघडत नाही. ॲप बंद, तर गाणं बंद. ही नुसती भीती नाही. रेसो हे ॲप जानेवारी २०२४ अखेर भारतात बंद झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एअरटेलनं विंक म्युझिक गुंडाळत असल्याचं सांगितलं. लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या अशाच सोडून द्याव्या लागतात. सिनेमाचं गाणं दुसऱ्या ॲपवर मिळेल. आमच्या वाडीच्या सप्ताहातली गौळण कुठल्या ॲपवर मिळणार?

क्रायस्लरच्या तबकडीची गोष्ट मी उगाच सांगितली नाही. गाडी तुमची, गाणी त्यांनी ठरवलेली, हे १९५६ मध्ये होतं. मध्ये पन्नासेक वर्षं कॅसेट, एमपी थ्री आणि पेनड्राइव्हनं ते मोडलं. जेव्हा जेव्हा साधन कोरं आणि सगळ्यांना चालणारं होतं, तेव्हा वाडीवरचा आवाज गाडीत आला. आता पुन्हा आपण तिथंच निघालोय, फक्त यादी फार मोठी आहे म्हणून ते जाणवत नाही. गंमत म्हणजे एमपी थ्रीच्या पेटंटची लायसन्सं देणं २०१७ मध्ये संपलं, ती फाइल आता सगळ्यांना मोकळी आहे. आणि नेमकी आत्ताच गाड्यांतून तिची जागा चाललीय.

आता शोधाचं सांगतो. लाऊडस्पीकरवाले वारले, त्यांच्या मुलानं सामान विकून टाकलंय. दुकानातला तो पोरगा पुण्यात नोकरीला आहे, जुना कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला. मंडळातले दोघंच हयात आहेत, त्यांच्याकडं काही नाही. शेवटी वडापवाल्या अण्णांकडं गेलो. जीप दारात उभी, टायर बसलेले, वर कोंबड्या.

"या पत्रकार, बसा. तुमच्या आप्पांची गाणी व्हय? कॅसेट तुटली कवाच. पर शिडी हाय की जीपमधी. त्या पोरानंच काढून दिल्याली."

ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पट्टीत, प्लास्टिकच्या पाकिटात ती सीडी होती. वर स्केचपेननं लिहिलेलं, ‘भजन मिक्स’. कित्येक उन्हाळे तिनं त्या जीपमध्ये काढलेले. घरी आणली, मऊ फडक्यानं पुसली, तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून बघितली.

चौदापैकी नऊ गाणी निघाली. पाच निघाली नाहीत. बाकी मंडळाचा कोरस आहे, पखवाज आहे, मध्येच कुणीतरी "माऊली, पुढं सरका" म्हणतंय तेही आहे. आप्पांनी एकट्यानं म्हटलेला अभंग त्या पाचांत होता.

तर आता कामाचं बोलतो.

एक. पेनड्राइव्ह म्हणजे तिजोरी नव्हे. त्यात माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते, तो हळूहळू गळतो, आणि उन्हात तापलेल्या गाडीत जास्त लवकर गळतो. गाडीत ठेवायची ती प्रत, मूळ घरात ठेवा. दोन ठिकाणी ठेवा.

दोन. चुकून फॉरमॅट झालं तर घाबरू नका, पण त्यावर नवीन काहीही भरू नका. साध्या फॉरमॅटनं बहुतेक वेळा अनुक्रमणिका पुसली जाते, पानं आतच असतात. काढून बाजूला ठेवा, जाणकाराकडं द्या. आमचं गेलं ते वर चारशे गाणी भरल्यामुळं.

तीन. नवी गाडी पेनड्राइव्ह वाचत नसेल तर आधी सगळी गाणी कॉम्प्युटरवर उतरवा, मगच पेनड्राइव्ह फॅट थर्टीटू किंवा एक्सफॅट, गाडीच्या पुस्तकात असेल त्या पद्धतीनं फॉरमॅट करा. या क्रमानंच.

चार. घरात कॅसेट असेल तर ती आधी सबंध पुढं-मागं फिरवून घ्या आणि पहिल्याच वाजवण्यात रेकॉर्ड करा. दुसऱ्यांदा ती वाजेलच याची खात्री नाही.

आणि एक मागणी, नगरपालिकेतल्या आणि वाचनालयातल्या मंडळींसाठी. आपल्या तालुक्यातली भजनं, तमाशे, शाहिरी, निवडणुकीतली भाषणं, लग्नातली घाण्याची गाणी लोकांच्या माळ्यावर पडून आहेत. एक कॉम्प्युटर, एक चालू टेप, दोन हार्ड डिस्क आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी बसणारा एक माणूस, एवढ्यावर हे काम सुरू होतं. यांत विकायचं काही नाही, फक्त ज्यांचा आवाज आहे त्यांच्या घरच्यांना विचारून जपून ठेवायचं. वाचनालयाला मी अर्ज दिला आहे. पुढं काय होतं ते इथंच कळवीन.

आता ती विनंती. १९९६ च्या सप्ताहाची ती कॅसेट वीस-पंचवीस घरांत गेली होती. वर निळ्या बॉलपेननं मंडळाचं नाव आणि साल लिहिलेलं असेल. गलाईच्या निमित्तानं कुणी ती कोचीला किंवा कानपूरला नेली असेल. तुमच्या माळ्यावर, जुन्या गाडीच्या खणात, वडिलांच्या पेटीत एकदा बघा. सापडली तर वाजवू नका, मला फोन करा. मी टेप घेऊन येतो.